संशोधनाच्या नोंदी : पेरणीपूर्वींच करावयाची आखणी

हल्लीं आपल्या जिल्ह्यांत असें खेडें क्वचितच सांपडेल कीं, जेथें एखाद्या हंगामांत कोणी संशोधक विद्यार्थी येऊन गेला नाहीं. कोणी मातीचे नमुने नेतो, कोणी नव्या वाणाचे तुकडे आपल्या शेतांत पाडतो, तर कोणी ओसरीवर बसून घरांत माणसें किती, कर्ज किती, तुरीचा उतारा किती, असे शंभर प्रश्न विचारतो. आपण त्यास चहा पाजतों, विचारलेली माहिती देतों आणि तो गेला म्हणजे विसरून जातों. पुढें त्या माहितीचें काय झालें, हें विचारण्याचा आपणांस हक्क आहे. आणि तें विचारण्याची खरी वेळ काम संपल्यानंतरची नसून पेरणीपूर्वींची आहे, हें सांगण्याकरितां हा लेख लिहीत आहें. शिवाय आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें व मुली आतां शेतकी महाविद्यालयांतून स्वतःच संशोधन करूं लागलीं आहेत. त्यांच्या कानांवरही ही गोष्ट जावी, अशी इच्छा आहे.

प्रस्तुत लेखक शास्त्रज्ञ नव्हे. माझें नोकरीचें सारें आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें. दप्तर बांधणें, दप्तर सोडणें आणि हवा तो कागद हव्या त्या वेळीं काढून देणें, एवढीच माझी विद्या. परंतु विद्यापीठांतून ज्यास ‘डेटा मॅनेजमेंट प्लॅन’ म्हणतात तो प्रथम पाहिला, तेव्हां ही विद्या व ती विद्या एकाच जातीची असल्याचें माझ्या ध्यानांत आलें. संशोधनांत मिळणारी माहिती कशी घ्यावयाची, कशी लिहावयाची, कोठें ठेवावयाची, कोणास दाखवावयाची व शेवटीं तिचें काय करावयाचें, हें काम सुरू होण्यापूर्वीं कागदावर उतरविणें, इतकाच त्याचा अर्थ. आपण त्यास ‘नोंदींची आखणी’ म्हणूं.

माझ्या शेतांतील अनुभव

कांहीं वर्षांपूर्वीं एका संस्थेचा विद्यार्थी माझ्या शेतांत सोयाबीनच्या तीन वाणांची तुलना करण्याकरितां आला. मुलगा सालस व कष्टाळू होता. त्यानें अर्ध्या एकराचे ९ तुकडे पाडले आणि त्यांवर १ ते ९ आंकड्यांच्या खुंट्या ठोकल्या. बियाणें त्यानें अ, ब, क अशीं अक्षरें घातलेल्या थैल्यांतून आणलें होतें. प्रत्येक अक्षराचें बियाणें तीन-तीन तुकड्यांत पेरलें. कोणतें अक्षर म्हणजे कोणता वाण, हें एका चिठ्ठीवर लिहून ती त्यानें वहीच्या पुठ्ठ्यांत खोंवून ठेवली. मळणी झाली, वजनें झालीं. दुसऱ्या वर्षीं त्यास नोकरी लागली आणि त्याच्या जागीं दुसरा विद्यार्थी आला. त्यास वही मिळाली, थैल्यांतील उरलेलें बियाणें मिळालें, पण चिठ्ठी मिळाली नाहीं. जुन्या खुंट्या वखरणींत निघून गेल्या होत्या, म्हणून त्यानें नव्या ठोकल्या. परंतु पहिल्यानें तुकडे धुऱ्याकडून मोजले होते, यानें नाल्याकडून मोजले.

दोन खरीप हंगामांचीं मिळून १८ वजनें कागदावर सुवाच्य अक्षरांत उतरलेलीं होतीं. तीं कोणत्या वाणाचीं, हें मात्र कोणासच सांगतां येईना. एके दिवशीं तो दुसरा विद्यार्थी माझ्या ओसरीवर येऊन म्हणाला, “काका, ‘ब’ म्हणजे कोणतें बियाणें होतें, तुम्हांला कांहीं आठवतें का?” मी म्हणालों, “अरे बाबा, मला इतकेंच आठवतें कीं, पहिल्या वर्षीं नाल्याकडचे दोन तुकडे चिबडले होते.” तें तर वहींत लिहिलेलेंच नव्हतें!

या प्रकरणांत लबाडी नव्हती व आळसही नव्हता. उणीव होती ती एकाच गोष्टीची : चिठ्ठी कोठें राहील व माणूस बदलला तर ती कोणाच्या हातीं जाईल, हें अगोदर कोणी ठरविलें नव्हतें. विद्यार्थ्याचें नुकसान झालें असेलच; माझेंही झालें. माझी जमीन काळी व भारी आहे, झड लागली कीं चिबडते. अशा जमिनींत त्या तिहींपैकीं कोणता वाण तग धरतो, एवढेंच मला कळावयास हवें होतें. त्यासाठीं दोन वर्षें अर्धा एकर दिला, आणि तिसऱ्या वर्षीं पुन्हां दुकानदाराच्या सल्ल्यानेंच बियाणें आणलें.

नीट ठेवलेल्या नोंदीचें मोल

याच्या उलट उदाहरण पाहावयाचें तर इंग्लंडांतील रोथॅमस्टेड येथील शेतकी संशोधनकेंद्राचें पाहावें. तेथें जॉन बेनेट लॉज व जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनीं १८४३ सालीं ब्रॉडबॉक नांवाच्या शेतांत गव्हाचा प्रयोग सुरू केला. कांहीं पट्ट्यांस शेणखत, कांहींस निरनिराळीं रासायनिक खतें व एकास कांहींच नाहीं, अशी ती योजना होती. हा प्रयोग आजही चालू आहे. दर वर्षाचा उतारा लिहून ठेवला गेला. धान्य, काड व माती यांचे नमुने चिठ्ठ्या लावून जपून ठेवले गेले. आज तेथें अशा नमुन्यांची संख्या सुमारें ३ लाख आहे.

१९१९ सालीं, म्हणजे प्रयोग सुरू होऊन ७६ वर्षें झाल्यावर, या सांठलेल्या आंकड्यांचा अभ्यास करण्याकरितां रोनाल्ड फिशर या तरुण गणितज्ञाची तेथें नेमणूक झाली. पाऊस, खत व जमिनीचा कस यांचा उताऱ्यावर होणारा परिणाम एकमेकांपासून वेगळा कसा काढावा, याचा त्यानें विचार केला आणि त्यांतून शेतीच्या प्रयोगांचें नवें संख्याशास्त्र उभें राहिलें. १९२५ सालीं प्रसिद्ध झालेलें त्याचें पुस्तक जगभर गाजलें. प्रत्येक वाण अनेक तुकड्यांत पेरावा व कोणत्या तुकड्यांत कोणता वाण हें चिठ्ठ्या टाकून ठरवावें, ही आज आपल्या शेतांपर्यंत पोंचलेली रीत त्याच्या शिकवणुकीची आहे. पुढें २००५ सालीं तेथीलच जुन्या गव्हाच्या नमुन्यांतून संशोधकांनीं रोगाच्या बुरशीचे अंश शोधून काढले आणि त्या बुरशींतील चढउताराचा संबंध हवेंतील गंधकाच्या धुराशीं जोडून दाखविला. नमुन्यावर पहिली चिठ्ठी चिकटविणाऱ्या माणसास यांपैकीं कांहींच ठाऊक नव्हतें. त्यास ठाऊक इतकेंच होतें कीं, चिठ्ठीवांचून नमुना म्हणजे नुसती माती.

आपल्याजवळ अकोल्यास डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठांत १९८८ सालीं याच जातीचा दीर्घ मुदतीचा खतप्रयोग सुरू झाला. खरिपांत ज्वारी व रब्बींत गहूं, आणि त्याच तुकड्यास वर्षानुवर्षें तेंच खत, अशी त्याची मांडणी. अशा प्रयोगांत माणसें बदलतात व निवृत्त होतात. प्रयोग टिकतो तो केवळ नोंदींच्या बळावर.

शेजारच्या कंझरा गांवाची गोष्ट

हें झालें पिकांविषयीं. माणसांची माहिती नीट ठेवली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण आपल्या अगदीं शेजारीं आहे. आपल्या कारंजा तालुक्यास लागून असलेल्या मूर्तिजापूर तालुक्यांत कंझरा व किनखेडा अशीं दोन गांवें आहेत. १ जुलै १९९८ रोजीं वाशीम जिल्हा वेगळा होईपर्यंत आपण सारे एकाच अकोला जिल्ह्याचे रहिवासी होतों. हैदराबादजवळ पाटणचेरू येथें १९७२ सालीं स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेनें १९७५ सालीं कोरडवाहू मुलुखांतील सहा खेड्यांचा अभ्यास हातीं घेतला. त्यांत हीं दोन गांवें होतीं. सोलापूर जिल्ह्यांतील शिरापूर व कळमण आणि त्या वेळच्या आंध्र प्रदेशांतील औरेपल्ले व डोकूर हीं उरलेलीं चार.

प्रत्येक गांवांत ४० घरें निवडलीं : १० भूमिहीन मजुरांचीं, आणि लहान, मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांचीं प्रत्येकीं १०. तपासनीस गांवांतच मुक्कामास असे व दर तीन-चार आठवड्यांनीं त्याच घरीं जाऊन मजुरी, खर्च, पेरा, विक्री व उसनवारी यांची ठरलेल्या नमुन्यांत नोंद घेई. कंझऱ्यांत हें काम सुमारें १० वर्षें चाललें. पुढें २००१ सालीं तें पुन्हां सुरू झालें व २००९ सालापासून त्याची व्याप्ति अनेक राज्यांत व बांगला देशांतही वाढविण्यांत आली. घरांस क्रमांक दिलेले, नमुने जपलेले, मापें लिहिलेलीं. म्हणून ज्यानें कंझरा कधीं पाहिलें नाहीं, अशा अभ्यासकासही त्या नोंदी वाचतां आल्या.

१९९४ सालीं रॉबर्ट टाउनसेंड या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें औरेपल्ले, शिरापूर व कंझरा येथील नोंदींवरून एक निबंध लिहिला. एखाद्या घराचें पीक बुडालें तरी त्या घरचा खर्च तितक्या प्रमाणांत बुडत नाहीं. गांवांतील माणसें उसनवारीनें व एकमेकांच्या आधारानें तोटा पुष्कळसा वाटून घेतात, असा त्याचा निष्कर्ष होता. १९९७ सालीं मार्टिन रॅव्हॅलियन व शुभम चौधरी यांनीं त्याच नोंदी पुन्हां तपासल्या आणि घरखर्चाचा आंकडा ज्या रीतीनें काढला होता त्या रीतींतच दोष असल्यामुळें निष्कर्ष एका बाजूस झुकला, असा आक्षेप घेतला. वाद कोणी जिंकला हें मला येथें सांगावयाचें नाहीं. आंकडा कोणत्या रीतीनें काढला हें लिहून ठेवलेलें होतें, म्हणूनच दुसऱ्यास चूक दाखवितां आली, इकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. ज्या नोंदींतील चूक कोणास दाखवितां येत नाहीं, त्या नोंदीवर विश्वासही ठेवतां येत नाहीं.

आखणींत काय असावें

आतां आखणीचीं कलमें सांगतों. तीं दोन पानांत मावतात.

(१) काय मोजावयाचें व कोणत्या मापानें. एकर कीं हेक्टर? १ हेक्टर म्हणजे सुमारें २.४७ एकर, घोंटाळा झाला तर उतारा अडीच पट फुगतो. सोयाबीनचें वजन मळणीबरोबर घेतलें कीं वाळवून घेतलें? कापूस म्हणजे सरकीसह, कीं नुसती रुई? तारीख ‘५-६’ अशी लिहिली तर ती ५ जून कीं ६ मे? रकाना कोरा असेल तर उतारा शून्य आला, कीं वजन घेतलेंच नाहीं? महसुली दप्तरांत आम्ही कांहीं नसलें तर ‘निरंक’ लिहीत असूं; कोरी जागा ठेवण्याची मुभा नव्हती. संशोधनांतही शून्य, निरंक व ‘नोंद घेतली नाहीं’ या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत व त्यांस तीन निरनिराळ्या खुणा हव्यात.

तुकडा कसा निवडला, हेंही लिहावें. पूर्वीं पिकाचा अंदाज नजरेनें ठरे. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे डॉ. पां. वा. सुखात्मे व इंदूरचे डॉ. वि. गो. पानसे यांनीं १९४० नंतरच्या दशकांत, तुकडा नजरेनें न निवडतां चिठ्ठी टाकल्याप्रमाणें निवडावा व तेथील पीक कापून मोजावें, ही पद्धति आपल्या देशांत रुजविली. आजचे पीक कापणी प्रयोग त्याच मार्गानें चालतात. २०१६ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेंत उंबरठा उत्पन्न काढण्यासाठीं मागील ७ वर्षांपैकीं चांगल्या ५ वर्षांची सरासरी धरण्याची रीत आहे. म्हणजे सात वर्षांपूर्वींची एक नोंद आजच्या आपल्या रुपयांवर परिणाम करते. नोंद ही केवळ पंडितांची बाब आहे, असें यावर कोणी म्हणूं नये.

(२) खुणांची किल्ली. अ, ब, क अशीं अक्षरें किंवा घरांस क्रमांक दिले कीं त्यांची किल्ली झालीच. ती कोणाकडे राहील, तिची दुसरी प्रत कोठें असेल, हें पहिल्या दिवशीं ठरवावें. शेताचा नकाशा काढून उत्तर दिशा, धुरा, नाला व विहीर दाखवावीं आणि मोजणी कोणत्या कोपऱ्यापासून केली तें बाणानें दाखवावें. संगणकांतील फाइलींस ‘नवीन’, ‘अगदीं नवीन’, ‘शेवटची’ अशीं नांवें देऊं नयेत. गांव, पीक, वर्ष व तारीख यांवरून नांवें द्यावींत. अनोळखी माणसानें दहा वर्षांनीं उघडलें तरी त्यास उलगडा व्हावा, असें एक माहितीपत्रक प्रत्येक संचाबरोबर असावें.

(३) मूळ नोंद व फेरफार. सातबाऱ्यावरील नांव कोणी मनास येईल तसें खोडून बदलीत नाहीं. गांव नमुना सहामध्यें फेरफाराची नोंद होते, तीस क्रमांक पडतो, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो आणि मग अंमल सातबाऱ्यावर येतो. शंभर वर्षांनींही कोणता बदल कां झाला, हें त्यावरून कळतें. संशोधनाची मूळ वही व मूळ फाइल अशीच असावी. तीस हात लावूं नये. चूक आढळली तर वेगळ्या प्रतींत दुरुस्ती करावी आणि काय बदललें, कां बदललें, कोणी व केव्हां बदललें, हें लिहावें. एखादें वजन अवास्तव दिसलें म्हणून गुपचूप वगळणें ही दुरुस्ती नव्हे. नाल्याकडचा चिबडलेला तुकडा वगळावयाचा असेल तर ‘चिबडला म्हणून वगळला’ असें लिहूनच वगळावा.

(४) जपणूक. एका कचेरीच्या दप्तरखान्यांत गळक्या छपराखालीं ठेवलेलीं बस्तानें एका पावसाळ्यांत भिजून त्यांचा लगदा झालेला मीं डोळ्यांनीं पाहिला आहे. लॅपटॉप व मोबाईल यांस छप्पर गळण्याची भीति नाहीं. पण ते पडतात, बिघडतात व चोरीस जातात. म्हणून जाणत्यांनीं सोपा नियम सांगितला आहे : प्रति तीन असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या ठिकाणीं असावी. शेतांतील वहीच्या पानांचें त्याच संध्याकाळीं छायाचित्र घ्यावें. शिवाय ठेवलेली प्रत मधून मधून उघडून पाहावी. कुलूप लावलेली पेटी आंतून वाळवीनें खाल्ली असेल तर कुलपाचा उपयोग काय?

(५) ताबा. कारकुनाची बदली झाली तर तो दप्तराची यादी करून, सही घेऊन कार्यभार देतो. तसें न करतां गेला तर तो सुटत नाहीं. विद्यार्थी दोन-तीन वर्षांत जाणारच, हें उघड आहे. म्हणून जबाबदारी व्यक्तीच्या नांवानें न लिहितां पदाच्या नांवानें लिहावी, आणि विद्यार्थ्यानें जातांना वही, फाइली, किल्ली व उरलेले नमुने यांची यादी करून मार्गदर्शक प्राध्यापकाच्या स्वाधीन करावी. माझ्या शेतांतील प्रयोग बुडाला तो नेमका येथें.

(६) संमति व गुप्तता. आपलें कर्ज, आजारपण, जमिनीचा तंटा या गोष्टी आपण विश्वासानें सांगतों. त्या कशासाठीं विचारल्या, कोण पाहणार व नको वाटल्यास मागें घेतां येईल काय, हें विद्यार्थ्यानें मराठींत समजावून सांगावें व मग संमति घ्यावी. नोंदींत नांवाऐवजीं क्रमांक असावा व नांवांची यादी निराळी, कुलपांत असावी. परंतु नांव काढलें म्हणजे माणूस लपला, असें नाहीं. ‘अमक्या गांवांत ४० एकर, दोन विहिरी व संत्र्याची बाग’ असें छापलें तर गांवांतील पोरही तो कोण हें सांगेल. म्हणून प्रसिद्ध करतांना असे तपशील ढोबळ करावे. २०२३ सालीं संसदेनें डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्यांत संशोधन व सांख्यिकी यांस अटींवर कांहीं सवलत आहे. पण सवलत कायद्यांत असली तरी विश्वासघातास ती नाहीं.

(७) शेवट. महसुली अभिलेखांचें अ, ब, क, ड असें वर्गीकरण असतें. ‘अ’ कायमचे, ‘ब’ ३० वर्षांचे, ‘क’ त्याहून कमी मुदतीचे आणि ‘ड’ वर्षभरानें नष्ट करावयाचे. सर्वच कागद ठेवले तर हवा तो सांपडत नाहीं. सर्वच जाळले तर हक्क बुडतात. संशोधनांतही मूळ नोंदी, नकाशा, किल्ली व माहितीपत्रक हे ‘अ’ वर्गाचे समजावे. कच्चे हिशेब व दुबार छायाचित्रें ‘ड’ वर्गाचीं. ‘अ’ वर्ग कोणत्या ग्रंथालयांत किंवा संग्रहांत जमा होणार, आणि इतरांस केव्हां खुला होणार, हें अगोदर लिहावें. या सर्वांस वेळ व पैसा लागतो. तो बियाण्याच्या व प्रवासाच्या खर्चाप्रमाणें मूळ अंदाजपत्रकांतच धरावा.

हें माझ्या एकट्याचें मत नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानानें जानेवारी २०११ पासून अनुदानाच्या प्रत्येक अर्जाबरोबर अशी आखणी जोडणें आवश्यक केलें. सरकारी खर्चानें जमविलेली माहिती शक्य तेथें लोकांस खुली करावी, असें धोरण भारत सरकारनें २०१२ सालीं जाहीर केलें. माहिती शोधतां यावी, हातीं यावी, दुसऱ्या माहितीशीं जुळावी व पुन्हां वापरतां यावी, हीं चार तत्त्वें निरनिराळ्या देशांतील संशोधकांनीं २०१६ सालीं मांडलीं. चारही तत्त्वें जुन्या दप्तरदारास नवीं वाटणार नाहींत.

कोणी म्हणेल, इतकें लिहीत बसलें तर संशोधन केव्हां करावयाचें? त्यास माझें उत्तर असें कीं, पेरणीपूर्वीं दोन संध्याकाळ आखणींत गेल्या तर दोन हंगाम वांचतात. आणि आखणी म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. पाऊस लांबला तर आपण पेरा बदलतों, तशी तीही बदलावी. मात्र कां बदलली तें लिहावें.

आपण काय करावें

शेतांत प्रयोग घेऊं देण्यापूर्वीं किंवा ओसरीवर माहिती सांगण्यापूर्वीं आपण पांच प्रश्न विचारावे. ही माहिती कशासाठीं? ती कोठें व किती प्रतींत राहील? तुम्ही गेलांत तर ती कोणाकडे जाईल? माझें नांव कोण पाहील? आणि निष्कर्ष मला मराठींत, एका पानावर, केव्हां मिळेल? विद्यार्थ्यास उत्तरें येत नसतील तर त्यास हांकलून देऊं नये. बसवून घ्यावें व “बापू, हें लिहून आण, मग तुझ्यासाठीं रान मोकळें आहे,” असें सांगावें. आपल्या मुलीस किंवा मुलास कोणी शेतकऱ्यानें असें विचारलें तर राग येऊं न देतां उत्तर देण्याची तयारी ठेवावयास शिकवावें.

दुसरें असें कीं, तुकड्यांचा नकाशा व खुणांची किल्ली यांची एक प्रत शेतकऱ्यानें स्वतःजवळ ठेवावी. वाणांचीं नांवें निकाल लागेपर्यंत गुप्त ठेवणें प्रयोगास आवश्यक असेल, तर ती किल्ली बंद पाकिटांत घ्यावी व मळणीनंतर फोडावी. शेतांत जें घडतें तें सर्वांत अगोदर आपल्यास दिसतें : कोणता तुकडा चिबडला, कोठें रोही शिरले, फवारणी कोणत्या दिवशीं वाहून गेली. हें तारखेनिशीं एका साध्या वहींत लिहावें. विद्यार्थ्याच्या वहींत वजन असेल. त्या वजनाचें कारण पुष्कळदां आपल्याच वहींत सांपडेल.

तिसरी सूचना आपल्या मंडळीस आहे. सभासदांच्या शेतांत होणाऱ्या प्रत्येक प्रयोगाचा नकाशा, आखणी व निष्कर्षाचें पान यांची एक प्रत मंडळीच्या कार्यालयांत गांववार लावून ठेवावी. त्यास एक कपाट व एक नोंदवही पुरेशी आहे. दहा वर्षांनीं आपल्या जिल्ह्यांतील कोणत्या जमिनींत कोणता वाण टिकला, हें पाहण्याकरितां कोणाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहावें लागणार नाहीं. यादी लावण्याचें काम प्रारंभीं मी विनावेतन करण्यास तयार आहें.

या वर्षीं पुन्हां एक विद्यार्थिनी माझें शेत मागण्यास आली. मीं तिला वरील पांच प्रश्न विचारले. तिघांचीं उत्तरें तिनें तेथेंच दिलीं व दोहोंचीं आठ दिवसांनीं लिहून आणलीं. पाकीट माझ्या सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर पेटींत आहे. या खेपेस नाल्याकडचे तुकडे चिबडले तरी चालेल. चिबडणाऱ्या रानांत कोणता वाण उभा राहतो, तें या वेळीं लिहिलें जाईल.